शोध नेमका करणारे सूचक कीवर्ड : ऑनलाइन दुकान सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन दुकानाचा सर्च आणि कॅटलॉग ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. पहिले काही प्रश्न नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे आहेत, पुढचे अडलेल्यांचे. एकच मुद्दा दोनदा मांडायचं टाळलं आहे. गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सूचक कीवर्ड म्हणजे नेमकं काय?

ग्राहक सर्चमध्ये ‘बॅग’ टाकतो आणि समोर शेकडो वस्तू येतात. त्या यादीच्या वर ‘लॅपटॉप’, ‘प्रवास’, ‘लेदर’, ‘वॉटरप्रूफ’ असे छोटे शब्द बटणांसारखे मांडलेले असतात. त्यातला एक दाबला की यादी तेवढ्यापुरती उरते. हे सूचक कीवर्ड. रोजच्या बोलण्यात त्यांना ‘चिप’ म्हणतात. लोक सर्चमध्ये फार लिहीत नाहीत, मोबाइलवर तर एकदोन शब्दांवर थांबतात. मनात असलेली पण टाइप न केलेली गोष्ट त्यांच्यापुढे ठेवायची, एवढंच या शब्दांचं काम.

२. आमच्याकडे फिल्टर आहेत, ऑटोकम्प्लीटही आहे. मग हे आणखी कशाला?

तिघांची वेळ वेगळी आहे. ऑटोकम्प्लीट टाइप करता करता मदत करतं. फिल्टर निकाल आल्यावर बाजूच्या पट्टीत उभे असतात, पण त्यांची मांडणी गुणधर्मांप्रमाणे असते : आधी ‘मटेरियल’ उघडा, मग ‘लेदर’ शोधा. सूचक कीवर्ड या सगळ्या गुणधर्मांतून त्या विशिष्ट शोधाला उपयोगी पडतील असे मोजके शब्द उचलून थेट समोर आणतात.

त्यामुळे ते फिल्टरला पर्याय नाहीत, फिल्टरवरच उभे आहेत. वस्तूकडे अनेक पैलूंनी पाहायची ही पद्धत ग्रंथालयशास्त्रातून आली. एस. आर. रंगनाथन यांचं कोलन क्लासिफिकेशन १९३३ साली प्रसिद्ध झालं, त्यात पुस्तकाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याच्या विषयाचे पैलू वेगवेगळे नोंदवून जोडले जात. दुकानाच्या बाबतीतही तेच. वस्तूचे पैलू नीट नोंदवलेले नसतील तर सूचक कीवर्ड कितीही हुशारीने निवडा, ते पोकळच राहणार. कीवर्ड बरोबर लागत नाहीत म्हणून जे विचारतात, त्यांना मी सर्वात आधी कॅटलॉग दाखवायला सांगतो.

३. आमचं दुकान लहान आहे. आम्हाला हे लागेल का?

तुमच्या सर्वात ढोबळ शोधाचे निकाल मोबाइलच्या दोनतीन स्क्रीनमध्ये संपत असतील तर लागणार नाही. तो वेळ वस्तूंचे फोटो आणि वर्णनं सुधारण्यात घालवा. वस्तू वाढल्या की मग या पानाकडे परत या.

४. कीवर्ड कुठून आणायचे? बसून विचार करून यादी करायची का?

नको. अशा यादीत दुकानदाराची भाषा येते, ग्राहकाची येत नाही. दुकानदार ‘पॉलिस्टर’ म्हणतो, ग्राहक ‘पावसात भिजणार नाही अशी’ म्हणतो.

सर्वात चांगला स्रोत म्हणजे तुमचा सर्च लॉग, म्हणजे दुकानात झालेल्या शोधांची नोंद, आणि त्यातही एकाच माणसाने एकाच भेटीत लागोपाठ केलेले शोध. कुणी आधी ‘बॅग’ शोधलं, काही उघडलं नाही, आणि लगेच ‘लॅपटॉप बॅग’ शोधलं. दुसऱ्यांदा वाढलेला शब्द म्हणजे त्या माणसाने स्वतःच सांगितलेला सूचक कीवर्ड. अशा जोड्या गोळा करा, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द वाढतो ते मोजा. मी पहिली यादी नेहमी इथूनच काढतो.

दुसरा स्रोत कॅटलॉगमधले गुणधर्म आणि तिसरा ग्राहकांचे प्रश्न व अभिप्राय. ‘यात पंधरा इंची लॅपटॉप बसतो का?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल तर लॅपटॉपचा आकार हा गुणधर्म नोंदवायचा राहिला आहे, असं समजा. लॉग वापरताना बॉटचे (माणसाऐवजी आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमचे) आणि तुमच्याच कर्मचाऱ्यांनी चाचणीसाठी केलेले शोध आधी बाजूला काढा. लॉगमधले शब्द तसेच्या तसे दाखवू नका. का, ते प्रश्न १३ मध्ये.

५. चांगला कीवर्ड कसा ओळखायचा?

तो निकालांची वाटणी किती चांगली करतो यावरून. समजा ‘बॅग’ या शोधाला २४० वस्तू येतात. त्यात ‘चेन’ हा शब्द २३१ वस्तूंना लागू आहे. तो दाबून ग्राहकाच्या हाती काय लागलं? नऊ वस्तू कमी झाल्या. ‘सोनेरी बक्कल’ दोनच वस्तूंना लागू आहे, म्हणजे बहुतेकांसाठी तो निरुपयोगी. ‘प्रवास’ ७० वस्तूंना, ‘लॅपटॉप’ ५५ वस्तूंना लागू आहे. हे शब्द यादीचा मोठा भाग बाजूला करतात आणि तरीही निवडीला जागा ठेवतात.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. ‘वजन ८०० ग्रॅमपेक्षा कमी’ हा गुणधर्म यादीचे बरोबर दोन भाग करेल, तरी त्या आकड्यावरून कुणी बॅग निवडत नाही. त्याऐवजी ‘हलकी’ म्हटलं तर निवडेल. म्हणून दोन्ही गोष्टी हव्यात : वाटणी चांगली आणि लॉगमध्ये लोकांनी खरोखर वापरलेला शब्द. एकमेकांशी फार जुळणारे शब्दही शेजारी ठेवू नका. ‘प्रवास’ आणि ‘ट्रॅव्हल’ दाबल्यावर तीच यादी येणार असेल तर एक जागा वाया गेली.

६. किती दाखवायचे आणि कोणत्या क्रमाने?

मोबाइलवर एका ओळीत जेवढे मावतील तेवढे आणि बाजूला सरकवल्यावर थोडे आणखी. मी सहा ते आठच्या पुढे जात नाही. शेवटची चिप कडेला अर्धवट कापलेली दिसली की पुढे आणखी आहेत हे लोकांना आपोआप कळतं. क्रम उपयोगाप्रमाणे लावा, अकारविल्हे नको. एकच सूचना : एक चिप दाबल्यावर बाकीच्यांचा क्रम एकदम बदलू नका. बोट जिथे जाणार होतं तिथे दुसराच शब्द आला की माणूस वैतागतो.

७. हे हाताने करायचं की सिस्टिमवर सोडायचं?

दोन्ही. कोणत्याही दुकानात थोडे शोधशब्द पुन्हा पुन्हा येतात आणि बाकीचे असंख्य शब्द क्वचित येतात. जे नेहमी येतात त्यांचे कीवर्ड माणसाने नजरेखालून घातलेच पाहिजेत. उरलेल्या लांबलचक शेपटीला कुणी पुरं पडू शकत नाही. तिथे सिस्टिमला प्रश्न ५ मधल्या कसोट्या लावू द्या.

हाताने केलेला प्रत्येक बदल नियम म्हणून नोंदवा : हा शब्द वर ठेवा, हा दाखवू नका. प्रत्येक नियमाला तो कुणी केला, का केला आणि कधी संपणार हे लिहा. संपायची तारीख तर लिहाच. थंडीसाठी वर आणलेला ‘लोकरी’ भर उन्हाळ्यात तसाच वर बसलेला दिसतो, कारण नियम कुणाचा होता हे कुणालाच आठवत नाही आणि काढायला कुणी धजावत नाही.

८. कीवर्ड दाबल्यावर ‘काहीही सापडलं नाही’ असं येतं. असं का होतं?

ही तक्रार सर्वात जास्त येते, आणि ती गंभीर आहे. शब्द तुम्ही सुचवला, ग्राहकाने विश्वासाने दाबला आणि हाती काही लागलं नाही. त्याने स्वतः टाइप केलेल्या शब्दाला निकाल नसणं वेगळं आणि तुम्ही पुढे केलेल्या शब्दाला नसणं वेगळं.

कारणं साधारण तीन. पहिलं, संख्या जुनी असते : चिप रात्री मोजल्या आणि दुपारपर्यंत माल संपला. दुसरं, चिप मोजताना सगळा कॅटलॉग धरला, पण निकाल दाखवताना स्टॉकमध्ये नसलेलं वगळलं. तिसरं आणि सर्वात जास्त आढळणारं : चिप दाबल्यावर तिचा शब्द मूळ शोधाला जोडून नव्याने मजकुरात शोध घेतला जातो. मग ‘बॅग वॉटरप्रूफ’ असा शोध होतो आणि ज्या वस्तूच्या वर्णनात ‘पाणी आत जात नाही’ लिहिलं आहे ती गळते.

उपाय असा की चिप शब्दाला बांधू नका, गुणधर्माच्या मूल्याला बांधा (‘रंग’ हा गुणधर्म, तर ‘लाल’ हे त्याचं मूल्य). पडद्यावर ‘वॉटरप्रूफ’ दिसू दे, आत मात्र त्या गुणधर्माचा ओळख क्रमांक जाऊ दे. संख्या त्या क्षणी समोर असलेल्या निकालांतूनच मोजा आणि तिथे जे वगळलं ते मोजतानाही वगळा. ज्या चिपला तीनचार वस्तूही लागू नाहीत ती दाखवू नका. कॅशमुळे (आधी काढून साठवलेल्या निकालांमुळे) संख्या जुनी राहत असेल तर निदान माल संपल्याची बातमी कॅशपर्यंत पोचेल अशी सोय करा.

९. ग्राहकाने दोन कीवर्ड दाबले तर दोन्ही लागू असलेल्या वस्तू दाखवायच्या की दोनपैकी एक लागू असलेल्या?

वेगवेगळ्या गुणधर्मांचे असतील तर दोन्ही लागू हवेत : ‘लेदर’ आणि ‘लॅपटॉप’ म्हणजे लॅपटॉपसाठीची लेदरची बॅग. एकाच गुणधर्माचे असतील तर कुठलंही एक चालेल : ‘लाल’ आणि ‘निळा’ दाबणाऱ्याला दोन्ही रंगांतलं बघायचं असतं.

एक अपवाद इथे नेहमी निसटतो. ‘वैशिष्ट्यं’ या नावाखाली वॉटरप्रूफ, चाकं, कुलूप असं सगळं एकाच गुणधर्मात भरलेलं असतं. वरचा नियम सरसकट लावला तर ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘चाकं’ दाबणाऱ्याला चाकं असलेली पण पाणी झिरपणारी बॅगही दिसते. एका वस्तूला त्या गुणधर्माची अनेक मूल्यं एकाच वेळी असू शकतात का, हे विचारा. असू शकत असतील आणि ग्राहकाला ती सगळी एकत्र हवी असतील, तर तिथे दोन्ही लागूच धरा. हे प्रत्येक गुणधर्मासाठी वेगळं ठरवावं लागतं.

१०. ‘लाल’ आणि ‘८ नंबर’ दाबलं तर असा बूट येतो जो लाल रंगात ७ नंबरचाच आहे. हे कसं?

कारण बहुधा सगळे प्रकार एकाच वस्तूखाली सपाट करून साठवलेले असतात. त्या बुटाचे दोन प्रकार आहेत : लाल ७ आणि निळा ८. इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी बनवलेल्या सूचीत, मात्र रंगांची यादी ‘लाल, निळा’ आणि मापांची यादी ‘७, ८’ एवढंच उरतं, कोणतं माप कोणत्या रंगाचं हा संबंध पुसला जातो. म्हणून ‘लाल’ही जुळतं, ‘८’ही जुळतं आणि अस्तित्वात नसलेला लाल ८ सापडल्यासारखा वाटतो.

इलास्टिकसर्च या सर्च सॉफ्टवेअरमध्ये वस्तूखालच्या नोंदींची यादी अशीच सपाट होते, तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर. प्रकारांसाठी ‘नेस्टेड’ हा फील्डचा प्रकार वापरला की प्रत्येक जोडी आपापली राहते. त्याने शोध थोडा जड होतो. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक प्रकार स्वतंत्र नोंद म्हणून ठेवायचा आणि दाखवताना एका वस्तूखाली गोळा करायचा. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण निकालात फोटोही बरोबर लाल बुटाचाच दाखवता येतो. मात्र चिपची संख्या मोजताना प्रकार न मोजता वस्तू मोजा, नाहीतर ‘लाल ४०’ म्हणून दाबल्यावर बाराच बूट दिसतील.

११. ‘मोबाइल’ आणि ‘स्मार्टफोन’ दोन्ही सूचक कीवर्ड करायचे का?

एकाच गोष्टीची दोन नावं असतील तर ती समानार्थी शब्दांच्या यादीत जातात. ती यादी ग्राहकाला दिसत नाही, पण कुठल्याही नावाने शोधलं तरी सगळं सापडतं. चिप निवड करायला असते, समानार्थी यादी चुकामूक टाळायला.

दोन दिशांचा घोळ करू नका. ‘स्नीकर’ शोधणाऱ्याला सगळे बूट दाखवले तर तो निघून जाईल, पण ‘बूट’ शोधणाऱ्याला स्नीकर दिसलेच पाहिजेत. असं नातं एकाच दिशेने नोंदवा. ‘स्नीकर’ मग ‘बूट’ या शोधाखालची चांगली चिपही होईल.

१२. दुकान मराठीत आहे. दिसायला एकच असलेला कीवर्ड दोनदा येतो आणि काही चिप व्याकरणाला धरून नसतात. काय करावं?

पहिली अडचण बहुतेक वेळा ‘ॲ’ची असते. ‘ॲडॅप्टर’ मधला ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, जे युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं, आणि दुसरा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची पद्धत) त्यांना एक करत नाही, तो नियम तुम्हालाच लिहावा लागतो. ‘ऱ्या’मधल्या अर्ध्या र-बाबतही असंच होतं, काही कीबोर्ड तो न दिसणारं जोडचिन्ह घालून लिहितात. इंडेक्स करताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप वापरा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधताना माफ करा, पण चिपवर शुद्ध रूपच दाखवा.

दुसरी अडचण लिंगवचनाची. रंगाचं मूल्य ‘काळा’ असं एकदाच साठवलेलं असतं. शर्टाखाली ते बरोबर दिसतं, बॅगेखाली ‘काळी’ हवं आणि बुटांखाली ‘काळे’. ओळख क्रमांक एकच ठेवून वर्गाप्रमाणे दिसणारं रूप वेगळं द्या. तेवढं जमत नसेल तर ‘काळा रंग’ असं लिहा, ते सगळीकडे चालतं. लॉगमधून आलेले ‘बॅगेसाठी’, ‘ऑफिसला’ असे प्रत्यय लागलेले शब्द मूळ रूपात आणल्याशिवाय चिप करू नका.

१३. ग्राहक जे शोधतात तेच थेट चिप म्हणून दाखवलं तर काय बिघडतं?

बरंच काही. लोक सर्चच्या चौकटीत काहीही टाकतात : स्वतःचा फोन नंबर, ईमेल, ऑर्डर क्रमांक, आजाराचं नाव. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे ६ लाख ५० हजार लोकांचे जवळजवळ २ कोटी शोध जाहीर केले. नावांच्या जागी क्रमांक होते, तरी नुसत्या शोधांवरून खऱ्या माणसापर्यंत पोचता आलं. शोधशब्द ही खाजगी माहिती आहे असंच धरून चाला.

म्हणून बऱ्याच वेगवेगळ्या लोकांनी वापरलेला शब्दच उमेदवार माना. एकाच माणसाने शंभर वेळा शोधलेला शब्द एकदाच मोजा, म्हणजे कुणी मुद्दाम शिवी किंवा जाहिरात वर आणू शकणार नाही. लांब आकडे आणि ईमेलसारखं काहीही सरळ वगळा. नकोशा शब्दांची यादी ठेवा. आणि ग्राहकाकडून आलेला मजकूर पानावर छापताना त्यातली एचटीएमएलची चिन्हं निष्प्रभ करा, नाहीतर चिपच्या वाटेने कुणीतरी तुमच्या पानात स्क्रिप्ट घुसवेल.

१४. एखाद्या ब्रँडचं नाव लोक सारखं शोधतात, पण तो आम्ही विकत नाही. चिप ठेवू का?

नाही. प्रश्न ८ मधली फसगतच होईल, शिवाय ट्रेडमार्कची कटकट. ‘हा ब्रँड आमच्याकडे नाही, याच प्रकारच्या वस्तू या’ असं स्पष्ट लिहा. आणि तो शोध खरेदी पाहणाऱ्या माणसाला कळवा.

१५. प्रत्येक चिपचं पान गूगलमध्ये यावं का?

सगळ्यांचं नको. दहा चिप असतील तर निवडीच्या १,०२४ जोड्या होतात, आणि दाबण्याच्या क्रमाप्रमाणे पत्ता बदलत असेल तर त्याहून कितीतरी जास्त. शोधयंत्राचा बॉट या जंगलात फिरत राहतो आणि तुमच्या नव्या वस्तूंपर्यंत उशिरा पोचतो.

आधी पत्त्यातला क्रम ठरावीक करा. मग ज्या जोड्या लोक खरोखर बाहेरून शोधत येतात, ‘लॅपटॉप बॅग’सारख्या, त्यांना स्वतंत्र पान, स्वतःचं शीर्षक आणि थोडा मजकूर द्या. बाकीच्या पानांवरून कॅनॉनिकल टॅगने (मूळ पान कोणतं हे शोधयंत्राला सांगणाऱ्या खुणेने) मूळ पानाकडे बोट दाखवा. २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने हा टॅग मानायला सुरुवात केली, पण तो सूचना आहे, हुकूम नाही. एक सापळा सांभाळा : रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) पान अडवलं आणि त्याच पानावर ‘नोइंडेक्स’ही (हे पान शोधनिकालांत घेऊ नका) लिहिलं, तर बॉट पान उघडतच नाही, म्हणून ते ‘नोइंडेक्स’ त्याला कधी दिसतच नाही. दोनपैकी एक निवडा.

१६. ‘कव्हर’ शोधलं की फोनचं, उशीचं, गाडीचं सगळं येतं. इथे कोणते कीवर्ड?

आधी वर्ग, मग गुणधर्म. ‘फोन’, ‘उशी’, ‘गाडी’ एवढ्याच चिप दाखवा. ग्राहकाने एक निवडली की मग मटेरियल, रंग, मॉडेल. सुरुवातीलाच ‘सिलिकॉन’ आणि ‘सुती’ शेजारी शेजारी ठेवले तर कुणालाच नीट कळत नाही. निकाल अनेक वर्गांत विखुरलेले आहेत का हे सिस्टिमला सहज मोजता येतं, तेव्हा हा नियम आपोआप लागू करता येईल.

१७. कीवर्डचा उपयोग होतोय की नाही हे कसं मोजायचं?

नुसते क्लिक मोजू नका. पहिल्या जागेवरचा शब्द पहिला आहे म्हणूनही जास्त दाबला जातो. आणि जास्त दाबला जातो म्हणून सिस्टिम त्याला पहिला ठेवते. हे चक्र सुरू झालं की नव्या शब्दाला संधीच मिळत नाही. थोड्या भेटींमध्ये क्रम मुद्दाम अदलाबदल करा, म्हणजे जागेचा परिणाम वेगळा काढता येतो. तसंच टाइप केलेला शोध आणि चिप दाबून झालेला शोध लॉगमध्ये वेगळे नोंदवा, नाहीतर तुमचीच सूचना उद्या ‘लोकप्रिय शोध’ म्हणून परत येईल.

मी तीन गोष्टी बघतो : चिप दाबल्यावर वस्तू उघडली का, ती टोपलीत गेली का, आणि चिप दाबून लगेच काढून टाकली का. शेवटची खूण सर्वात बोलकी. ज्या शब्दाला लोक दाबतात आणि लगेच मागे फिरतात, त्याचा अर्थ त्यांना वेगळा वाटला होता. ‘मोठी’ दाबणाऱ्याला प्रवासाची ट्रंक हवी होती आणि तुम्ही मोठ्या खिशाची पर्स दाखवली.

१८. दृष्टिहीन ग्राहकांसाठी वेगळं काही करावं लागतं का?

चिप खऱ्या बटणाच्या किंवा लिंकच्या स्वरूपातच करा, नुसती रंगवलेली चौकट नको. निवडलेली चिप फक्त रंगाने दाखवू नका, ती निवडलेली आहे हे स्क्रीन रीडरलाही (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कळवा. दाबल्यावर ‘५५ वस्तू’ असं वाचून दाखवलं जाईल अशी सोय करा.

१९. ग्राहक नेमका मॉडेल क्रमांक टाकतो तेव्हाही चिप दाखवायच्या?

नाही. त्याला काय हवं हे त्याने पूर्ण सांगितलं आहे. वस्तू असेल तर सरळ तीच समोर ठेवा. चार्जर किंवा कव्हर त्या वस्तूच्या पानावर सुचवता येतील. मॉडेल तुमच्याकडे नसेल तर तसं लिहा आणि त्याच मालिकेतली दुसरी मॉडेलं नावासकट दाखवा. अपवाद एकच : तोच क्रमांक दोन वेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंना असेल तर दोन्ही कंपन्यांची नावं चिप म्हणून द्या आणि बाकी काही देऊ नका.